कानात भरलेलं पक्वान्न

प्रिय बंडू,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू पहिल्याच ओळीला शिव्या घालणार, तेव्हा त्या घालून झाल्या असं समज आणि पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात, गुडघा तसाच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मला हे एकदा शेवटपर्यंत बोलायचंय. दाजींना सांगितलं तर ते म्हणतील, कशाला नसत्या भानगडीत पडलास. हिला सांगितलं, तर ती म्हणाली बंडूभावजींना लिहा, त्यांचं तरी डोकं खा.

तर झालं असं. माझ्याकडे बरेच दिवस एक निवृत्त गणिताचे मास्तर येत होते. मुसलमान, नमाज न चुकवणारे. त्यांना गीता वाचायची होती, तीही ज्ञानेश्वरीसकट. 'विद्वान नको, रोज पाठ करणारा माणूस हवा' म्हणाले. मी खूश. अर्धं आयुष्य तुझ्यासारख्या नास्तिकाशी डोकं फोडल्यावर देव मानणारा वाचक मिळाला! वहीत डावीकडे श्लोक, उजवीकडे पेन्सिलीने प्रश्न, अक्षर मुंगीएवढं. श्लोक पटला की नाही याची खूण कुठेच नाही. कळला असेल तर टिंब, नसेल तर फुली.

नवव्या अध्यायात गाडी अडली. तेविसावा श्लोक तुला आठवत असेल, तू त्यावरून मला पूर्वी छळलंयस. श्रद्धेने दुसऱ्या देवतांना भजणारेही मलाच भजतात, फक्त विधी सोडून. मी उत्साहात सांगितलं, बघा, केवढं औदार्य! मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. 'म्हणजे मी आयुष्यभर तुमच्याच देवाला भजतोय, तेही चुकीच्या पद्धतीने. हे मला विचारून ठरवलंत का?' मग मी ज्ञानेश्वरांकडे धावलो, तर तिथे आणखी पंचाईत. माउली म्हणतात, दहाही इंद्रियं एकाच देहाची खरी, म्हणून काय पक्वान्न कानात भरायचं आणि फुलं डोळ्यांना बांधायची? मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. 'म्हणजे माझं जेवण रोज पाच वेळा कानात जातंय.'

मी गप्प बसणारा नाही हे तुला माहीत आहेच. म्हटलं, तुमच्याकडे तरी वेगळं काय आहे? इब्राहीम पैगंबर ज्यू नव्हता, ख्रिस्ती नव्हता, आमच्याच वाटेचा होता, असं कुराणाच्या तिसऱ्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, तुम्हीही लिहून ठेवलंयच की. त्यांनी लगेच मान्य केलं. वर म्हणाले, पण एकशे नववा सूराही आहे, तुमचा धर्म तुम्हाला आणि माझा मला. त्यात तुम्हाला बाहेर ठेवलंय, पण निदान तुम्ही आहात तसे ठेवलंय. आत ओढून घेतलेलं बरं की बाहेर राहू दिलेलं बरं, यावर आमचा अख्खा तास गेला. विसाव्या शतकात कार्ल रानर नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याने हेच ख्रिस्ती बाजूने मांडलं होतं. चांगला बौद्ध किंवा हिंदू हा नकळत ख्रिस्तीच असतो म्हणे. तेव्हा सगळ्यांच्याच घरी पाहुण्यांसाठी अशी एकेक सतरंजी घालून ठेवलेली आहे, पाहुण्याला न विचारता.

इथवर मजाच होती. परवा अठरावा अध्याय संपला. मास्तरांनी वही मिटली आणि मी विचारू नये ते विचारलं: मग, काय वाटलं? ते शांतपणे म्हणाले, 'बरंचसं कळलं. मान्य नाही.'

बंडू, मला राग आला. दारापर्यंत सोडायला गेलो, हसून बोललो, पण रात्री झोप नाही. एवढं वाचून हा माणूस जसाच्या तसा घरी गेला! मग स्वतःलाच विचारलं, अरे, तुझी अपेक्षा तरी काय होती? फादर स्टीफन्सला आपण किती हसायचो आठव. इंग्लंडहून येऊन मराठी शिकला, ओव्या रचल्या, 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं, भाषेवर जीव टाकला, आणि हे सगळं कशासाठी, तर आपली माणसं तिकडे न्यायला. तू म्हणायचास, गळ सोन्याचा असला तरी गळच. मग माझ्या हातात इतके दिवस काय होतं?

तुझा जुना सिद्धान्त असा की श्रद्धाळू माणूस दुसऱ्याचा धर्म अभ्यासतच नाही, आणि अभ्यासला तर खोडून काढायला. तुझ्या बाजूने फ्रान्समधल्या क्लूनीचा ख्रिस्ती मठाधिपती पीटर आहे. त्याने 1143 साली कुराणाचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं ते उघडउघड खंडनासाठी. पण अल बिरूनी या मुसलमान पंडिताचं काय करशील? गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांच्या धुळीत हा संस्कृत शिकला, पतंजलीची योगसूत्रं अरबीत नेली, आणि 1030 च्या सुमारास हिंदूंवर जो ग्रंथ लिहिला त्यात सुरुवातीलाच बजावलं की हे वादासाठी नाही, ते काय म्हणतात ते मी सांगतोय. कुरकूरही केली, हे लोक परक्याला काही सांगतच नाहीत म्हणून. मेला तो मुसलमान म्हणूनच. म्हणजे त्याचंही 'कळलं, मान्य नाही'च की! पुस्तकात हे मला थोर वाटायचं. समोर बसलेल्या माणसाने तेच केलं तर झोंबलं.

शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याच्या उलट टोकाचा. पंडितांना बसवून 1657 मध्ये पन्नासेक उपनिषदं फारसीत आणली, आणि का, तर कुराणात ज्या गुप्त ग्रंथाचा उल्लेख आहे तो हाच, असं त्याला वाटलं. दुसऱ्याच्या घरात आपलीच हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद. दोन वर्षांत भावाने, औरंगजेबाने, मारला, त्यात सिंहासनाचा भाग मोठा, पण धर्म सोडल्याचा आरोप होताच. विनोबांच्या कुराणसारावरून आपलं वाजलं होतं, आठवतं? सार काढणं म्हणजे आपल्याला पटलं तेवढं उचलणं, असं तू म्हणाला होतास. मला ते आजही अर्धंच पटतं. त्या माणसाने त्यासाठी अरबी शिकली. 'सगळे धर्म एकच सांगतात' म्हणून मोकळे होणाऱ्यांपैकी किती जण एखादं पान उघडतात?

आणि हो, कोणाला धर्मांविषयी किती माहिती आहे याचा अमेरिकेतल्या प्यू संस्थेचा तो 2010 चा सर्व्हे माझ्या तोंडावर मारणं आता पुरे. बत्तीस प्रश्नांत नास्तिक-अज्ञेयवाद्यांचे सरासरी 20.9 बरोबर, ज्यूंचे 20.5, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे 20.3. म्हणजे तुम्ही लोक पहिले आलात ते दोन-तृतीयांशाच्या आसपास मार्कांनी, तेही अर्ध्या-पाऊण मार्काने धर्मप्रसार करत हिंडणाऱ्या माणसांच्या पुढे. पेढे वाटण्यासारखं काही नाही.

खरी काळजी ही नाहीच. मास्तर म्हणाले, आता उलट करू, कुराण तुम्ही वाचा, मी बसतो. मी हो म्हणून बसलोय. आणि आता भीती वाटते. मला त्यांच्यासारखं सरळ 'मान्य नाही' म्हणता येणार नाही, भिडेखातर काहीतरी गोड बोलेन, ही छोटी भीती. मोठी ही की एखाद्या ठिकाणी मान्य झालं तर? आताच पाठ करताना तेविसाव्या श्लोकाशी मास्तर दिसतात आणि मी अडखळतो. इतकी वर्षं जीभ सरळ पुढे जायची.

तू या वाटेने गेलायस, बंडू. त्या खोलीतल्या दिवसांत तू एकामागून एक सगळ्यांचं वाचत सुटलास आणि शेवटी आपलंही बाजूला ठेवलंस. मी तेव्हा 'वाचून वाचून बिघडलास' म्हणालो होतो आणि तू वर्षभर बोलला नाहीस. तो शब्द मी मागे घेत नाही, तुझा अबोलाही तू घेऊ नकोस. फक्त एक सांग. आधी काय ढिलं झालं? दुसऱ्याचं एखादं वाक्य फार पटलं म्हणून, की आपलंच एखादं वाक्य एकदम परक्यासारखं ऐकू आलं म्हणून? मला दुसरं जास्त खरं वाटायला लागलंय, आणि म्हणूनच विचारतोय. भाषण नको, घडलं तसं लिही.

तुझं घराचं काम संपलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे थोरलीकडून कळलं. धाकट्याने नोकरी सोडली हेही कळलं. त्यावर मी काही बोलणार नाही, तू पुष्कळ बोलला असशील.

तुझ्याकडची कुराणाची भाषांतराची प्रत पाठव, पुढच्या आठवड्यात बसायचंय. समासातले शेरे खोडू नकोस. मास्तरांना तेही वाचायला देणार आहे. त्यांची टिंबं-फुल्या त्याच्यावर पडू देत, मग कळेल कोण किती पाण्यात आहे.

तुझा,
नाना