बाबा, या वेळी पेट्रोल घेऊया

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, नव्या गाडीचं विचारलं तर "घेईन तर डिझेलच" असं म्हणून तुम्ही फोनवर विषय मिटवलात. आकडे सांगायला लागलं की तुमच्याकडे नेमका आवाज जातो, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

आधी एक कबूल. 2012 मध्ये तुम्ही डिझेल स्विफ्ट घेतलीत, ते अगदी बरोबर होतं. त्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल लिटरला 78 रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल 45 च्या आसपास होतं. तुमची फिरती वडूज, दहिवडी, फलटण अशी. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज व्हायचे. डिझेल गाडीसाठी मोजलेले जादा पैसे बघता बघता सुटले. पण ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि तफावत आटत गेली. आता लिटरमागे तेरा-चौदा रुपयेच उरलेत.

आणि तुम्ही रिटायर झालात, हे गाडीला कुणी सांगायचं? आता मंडई, बँक, आईची फिजिओथेरपी, कधीमधी चिपळूण, कधीतरी पुणे. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरू. पेट्रोल गाडी 17 चं ॲव्हरेज देईल, म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांच्या आसपास. डिझेल 20 देईल, म्हणजे साडेचार. वर्षाला वाचले साधारण आठ हजार. तीच गाडी डिझेलमध्ये घ्यायची तर सव्वा ते दीड लाख जास्त मोजायचे, शिवाय महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. ते पैसे सुटायला पंधरा-सोळा वर्षं तरी लागतील.

डिझेल महाग का, याचं कारण इंजिनातच आहे. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधनाचं मिश्रण दहा-अकरा पट दाबतं आणि स्पार्क प्लगने पेटवतं. डिझेल इंजिन नुसती हवा सोळा-सतरा पट दाबतं. ती इतकी तापते की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं. एवढा दाब सोसायला ब्लॉक जड लागतो, पंप आणि नॉझल महागाचे लागतात, आणि ती खडखडही त्याचीच. मोबदल्यात ॲव्हरेज मिळतं. ट्रॅफिकमध्येसुद्धा डिझेलच कमी पितं, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

माझी खरी हरकत पैशांची नाहीच. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी आली. आपल्या जुन्या गाडीत ती नाही, म्हणून तुम्हाला तिचा त्रास माहीत नाही. जाळी भरली की आतली काजळी जाळावी लागते, आणि त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेला वीस मिनिटं एका वेगाने गाडी पळाली तर हे काम आपोआप उरकतं. पण घर ते मंडई तीन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतसुद्धा नाही. शिवाय ती उष्णता आणायला इंजिन जादा डिझेल फवारतं, आणि काम अर्धवट राहिलं की ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच. आमच्या सोसायटीतले एक काका डिझेल गाडी फक्त ऑफिसला नेतात, जेमतेम चार किलोमीटर. जाळी भरल्याचा दिवा लागला की रविवारी सकाळी एकटेच हायवेवर चक्कर मारून येतात. जाळी जाळायला डिझेल जाळायचं, असा तो हिशोब.

आता घाट. इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. स्विफ्टचं डिझेल इंजिन दोन हजार आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवरच, 190 न्यूटन-मीटरचा ओढायचा जोर देतं. तेव्हाचं पेट्रोल स्विफ्ट जेमतेम 115 द्यायचं, तेही चार हजारावर. म्हणून कुंभार्ली घाटात तुम्ही तिसऱ्या गिअरवर निवांत चढता. साध्या पेट्रोलला दुसरा टाकून इंजिन ओरडू द्यावं लागेल. ओरडलं म्हणून बिघडत नाही, ते तसंच चालवायचं असतं. तेवढं सहन होत नसेल तर टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं, बघू, ते खालच्या आरपीएमला बरंच ओढतं. पण वर्षातून चार वेळा चढायच्या घाटासाठी रोजची गाडी निवडू नये.

पेट्रोलचं एक उणंही सांगते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी. त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. त्यासाठीच वरच्या हिशोबात 17 च धरलंय. ऊस लावणाऱ्या आपल्या भावकीला हे बोलू नका.

आणि कट्ट्यावर कुणी "डिझेल दहा वर्षांत भंगारात" म्हणालं तर तेही मनावर घेऊ नका. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फेरनोंदणी असते. स्विफ्टची ती 2027 मध्ये येते, म्हणून तर हा विषय आत्ता काढला.

आई, तुझं लायसन्स कपाटात पडून आहे. क्लच जड, गाडी थरथरते, अशी तुझी तक्रार होती ना? पेट्रोलचा क्लच हलका असतो, आणि ऑटोमॅटिक घेतली तर क्लचच नाही. बाबांच्या गुडघ्यालाही बरं. गाडी कोण चालवणार, यावर तुम्ही दोघं नंतर भांडा.

पुढच्या महिन्यात मी येते. टेस्ट ड्राइव्हला तिघंही जाऊ, एसी चालू ठेवू आणि सपाट रस्ता सोडून चढावरच नेऊ. शोरूमवाला डिझेलवर डिस्काउंट सांगेल. मी येईपर्यंत टोकन देऊ नका.

तुमची,
लेक