खुज्या टेकड्यांवरही बिबटे राहतात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत अरवलीवर लेख दिलात, त्याबद्दल आभार. पण फोटोखाली ‘काळवीट’ छापलंय, तो चिंकारा आहे. पाडसाला पाजणाऱ्या मादीच्या डोक्यावर शिंगं स्वच्छ दिसताहेत. काळविटाच्या मादीला सहसा शिंगं नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला असतात. छापण्याआधी कुणा जाणकाराला दाखवायला हवं होतं.

अरवली सह्याद्रीसारखी ढग अडवते, हेही चूक. मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अरबी समुद्राकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना अरवली आडवी नाही, समांतर आहे. ढग तिच्या कडेनं निघून जातात.

खरा संताप आला तो शेवटच्या परिच्छेदाचा. आजूबाजूच्या जमिनीहून 100 मीटर उंच असेल तीच टेकडी अरवलीची धरायची, हा निकष सर्वोच्च न्यायालयानंच डिसेंबर 2025 मध्ये स्थगित केला, तरी लेखक विचारतात, खुज्या टेकड्यांत जपण्यासारखं आहे काय?

2018 च्या जानेवारीत आम्ही दोघं पाली जिल्ह्यात जवाई धरणापाशी गेलो होतो. तिथल्या ग्रॅनाइटच्या टेकड्या मला आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सहून फार उंच वाटल्या नाहीत. दिवस कलला होता. लाल पागोटंवाला एक रबारी शेळ्या घेऊन परतत होता. वर देवळाच्या पायऱ्यांच्या बाजूच्या कपारीतून बिबट्याची मादी बाहेर आली आणि तापलेल्या दगडावर अंग टाकून बसली. मागोमाग दोन पिल्लं. जीपमध्ये कुणी श्वास सोडेना. रबाऱ्यानं मान वर करून पाहिलं, शेळ्यांना हाळी दिली. बायकोनं न राहवून विचारलं, तर म्हणाला, “मागच्या महिन्यात एक शेळी नेली हिनं.” आणि गेला चालत.

तो खडक फोडून खडी केली, तर तिनं पिल्लं ठेवायची कुठं? राजस्थानातल्या अरवलीच्या 31 टेकड्या नाहीशा झाल्याचं त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. लेखात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

जाता जाता आमच्या घरामागच्या टेकडीचंही छापा. रात्री टेम्पो येतात आणि बांधकामाचा मलबा उतारावर ओततात. तीनदा लेखी तक्रार केली, पोचही मिळाली नाही. तिथं मोर असतात. गेल्या आठवड्यात एक लांडोर सिमेंटच्या पोत्यांवर उभी दिसली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर