सम्या, बेचिराख गावं बघून आलो

प्रिय सम्या,

तुझा मेसेज बघून पंधरा दिवस झाले आणि रिप्लाय दिला नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. पण तीन ओळींत उरकायचं नव्हतं म्हणून आज रविवारी मुद्दाम बसलोय, बाहेर भुरभुर पाऊस, बायको झोपलीये, चहा दोनदा झाला.

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी मिळाली तर ऑफिसातले सगळे प्राग नाहीतर व्हिएन्ना. मी म्हटलं प्राग तीनदा झालं, आता आईबाबा आले की परत होणारच आहे, त्यापेक्षा गावं बघू. टीममधला एक चेक पोरगा आहे, लांबलचक केसांचा, त्याला विचारलं तर तो म्हणाला असलेली गावं बघायचीत की नसलेली? मला वाटलं इंग्लिश कच्चं आहे त्याचं. तर नाही, इथे चेकमध्ये खरंच ‘नसलेली गावं’ हा फिरायला जायचा विषय आहे. पाचसहाशे वर्षांपूर्वी ओस पडलेली गावं, जंगलात, पाटी लावलेली, पायवाट रंगवलेली. आणि मला एकदम तू आठवलास. तलाठी झाल्यावर पहिल्या महिन्यात तू फोन करून सांगितलं होतंस, अरे माझ्या सज्जात एक बेचिराख गाव आहे, माणूस नाही काणूस नाही पण नकाशा आहे, शीव आहे, सातबारे आहेत. बेचिराख म्हणजे मला तोवर पेपरातलं बॉम्ब टाकून बेचिराख एवढंच माहीत, बे-चिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते, हे तूच सांगितलंस. तर हे पत्र खरं तर त्या शब्दामुळे.

ब्रनोतून भाड्याची गाडी घेतली, पहिलं ह्रोतोवित्से. तिथून अर्धा-पाऊण तास चालत म्स्त्येनित्से. (नाव वाचून हसू नको, मला बोलायला दोन दिवस लागले.) ओढ्याकाठी मोकळी जागा आणि गवतात दगडी पाया, एकाला लागून एक. घरं, गढी, गिरणी, सगळ्याचे नुसते पाये. १४६८ साली हंगेरीचा राजा मात्याश आणि बोहेमियाचा, म्हणजे इथला, राजा यीर्झी यांची जुंपली होती त्यात हे गाव जाळलं, आणि नंतर कोणी परत वसवलंच नाही. व्लादिमीर नेकुदा नावाच्या पुरातत्त्ववाल्याने इथे कित्येक वर्षं खणलं, आणि गंमत बघ, परत कोणी घर बांधलं नाही म्हणूनच त्याला अख्खं गाव जसंच्या तसं मिळालं. घरांखाली खोदलेली भुयारंही सापडलीत, सामान ठेवायला आणि वेळ आली तर लपायला. मला हरिपूरची हळदीची पेवं आठवली, आपण शाळेत असताना एकात वाकून बघताना तुझी चप्पल आत पडली होती ती अजून तिथेच असेल.

घर तीन खणी असायचं इथे. मध्ये दार उघडून आत जायची जागा, एका बाजूला चूल पेटवलेली राहायची खोली, दुसऱ्या बाजूला कोठी. एवढंच. बायको पाया बघत म्हणाली हे तर आमच्या आजीचं घर, ओसरी तेवढी नाही. थंडी इतकी की ओसरीवर बसणार कोण.

आता खरी गोष्ट. परत गाडीकडे येताना झाडी संपली की समोर दुकोवानीचे कूलिंग टॉवर दिसतात, आठ आहेत, प्रत्येक सव्वाशे मीटर उंच, वाफ निघतेय. अणुवीज केंद्र. आणि ह्या केंद्रासाठी तीन गावं उठवली, स्क्रिये, लिप्न्यानी आणि हेर्झमानित्से. पहिली अणुभट्टी सुरू झाली १९८५ ला, म्हणजे तुझ्यामाझ्या आईबापांच्या काळातली गोष्ट. घरं पाडली, देवळं तेवढी ठेवली. लिप्न्यानीला थांबलो. एवढंसं देऊळ, पांढरं रंगवलेलं, आजूबाजूला काही नाही, आणि आत ताजी फुलं. म्स्त्येनित्सेला माहितीचे बोर्ड होते, इथे फुलं होती. मी लगेच गाडीत जाऊन बसलो. तुझं आजोळ उजनीत गेलंय, पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि तुझी आई दरवर्षी म्हणते एकदा नेऊन आण रे, आणि तू दरवर्षी म्हणतोस पुढच्या उन्हाळ्यात. काकूंना घेऊन जा बाबा. एवढंच म्हणतो, भाषण नाही देत.

तेल्चला फक्त जेवलो. चौक सुंदर आहे, युनेस्कोवाला, फोटो पाठवलेत, पण त्याच्याबद्दल सगळे लिहितात. बटाट्याचं सूप आणि तळलेलं चीज, शाकाहारी माणसाला इथे तळलेल्या चीजवरच जन्म काढावा लागतो.

मुक्काम स्लावोनित्सेला. ऑस्ट्रियाची हद्द इतकी जवळ की रात्री फोनवर वेलकम टू ऑस्ट्रिया येत राहतं. सकाळी तिथून जंगलात फाफेनश्लागला. इथे पायवाटांना रंगाचे पट्टे मारलेले असतात, झाडावर, पांढऱ्या-रंगीत-पांढऱ्या तीन पट्ट्या, गेली सव्वाशेहून जास्त वर्षं पर्यटक क्लबवाले मारतायत, त्यांच्या मागे गेलं की माणूस हरवत नाही म्हणतात. आम्ही हरवलो. मी बायकोला म्हटलं लाल, ती म्हणाली निळा, आणि निळाच होता. त्यात तासभर गेला पण त्या तासातच जे बघायला मिळालं ते पाटीवर कळलं नसतं.

पायाखाली जमीन एकसारखी वरखाली होत होती. म्हणजे चढ नाही, गुडघाभर उंचवटा, मग सपाट पट्टी, मग परत उंचवटा, सगळे एकमेकांना समांतर, आणि वर पाइनची झाडं. मी म्हटलं पाण्याने झालं असेल. पुढे बोर्डवर वाचलं तर एक शब्द, प्लुझिना. प्लुह म्हणजे नांगर, आणि प्लुझिना म्हणजे गावाची नांगरटीची सगळी जमीन. बांध होते रे ते! मध्ययुगातले बांध, जंगलात. म्हणजे आपल्याकडे म्हणतात ना पांढरी आणि काळी, घरं वसली ती पांढरी आणि पिकते ती काळी, तर ह्यांची पांढरी जळून गेली आणि काळी राहिली. कारण साधंच आहे. जिथे शेती चालू राहिली तिथे नव्या माणसाने जुने बांध कधीच मोडले (तुझ्याकडे येणारी अर्धी भांडणं ह्याचीच), पण जिथे गाव उठलं तिथे जंगल वाढलं, आणि जंगलात कोणी बांध कोरत नाही. ब्रनोच्या उत्तरेच्या डोंगराळ भागात एर्विन चेर्नी म्हणून एक पेशाने डॉक्टर माणूस होता, त्याने वर्षानुवर्षं पायी फिरून असल्या गावांच्या शेतांचे नकाशे केले. बिनपगारी मोजणी! तुमच्या भूमी अभिलेखवाल्यांना सांग.

मग एकदाचं फाफेनश्लाग सापडलं. ओढा, आणि दोन्ही बाजूला घरांच्या रांगा, सोळा घरं, आणि एक गिरणी. नाव जर्मन आहे, पाद्र्याचं तोडलेलं रान असं काहीतरी, म्हणजे जंगल तोडून वसवलं आणि जंगलानेच परत घेतलं. साधारण १४२३ च्या आसपास हुसाइट युद्धात (यान हुस ह्या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या लढाया) जळालं असं मानतात. इथेही नेकुदाच खणायला, १९६० पासून अकरा वर्षं. सगळीच गावं काही तलवारीने गेली नाहीत हां, कित्येक ठिकाणी जमीनच हलकी, थंडी फार, पाणी आटलं, तर लोक हळूहळू खाली उतरून मोठ्या गावात गेले. जाळपोळीची गोष्ट सांगायला बरी पडते एवढंच. आम्ही एका घराच्या कोठीत बसून भाकरवडी खाल्ली. सासूबाईंनी पाठवलेली. एक मशरूम गोळा करणारे आजोबा टोपली घेऊन गेले, दोब्री देन म्हणाले आणि आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की बहुतेक आम्हीच तिथले वाटलो असू.

शेवटी होलाशोविट्से, हे ‘असलेलं’ गाव. गाडीने दोन तास. मधोमध गवताचं मैदान, तळं, छोटं देऊळ, आणि चारी बाजूंनी शेतकऱ्यांची घरं, दर्शनी भिंतीला लाटेसारख्या कमानी, पिस्ता रंग, गुलाबी, पिवळा, वर साल लिहिलेलं. १९९८ ला युनेस्कोत गेलं. वस्ती दीडशेच्या आसपास. पोस्टकार्डात राहिल्यासारखं वाटतं आणि खरं सांगू, पहिली दहा मिनिटं मला बोअर झालं. मग इतिहास वाचला. १२९२ ला राजाने गाव एका मठाला दिलं, म्हणजे तुझ्या भाषेत इनाम. १५२० ते २५ मध्ये प्लेग आला, आणि गावात माणसं उरली दोन. दोन! मग मठाने बाव्हेरिया-ऑस्ट्रियाकडून जर्मन बोलणारी कुळं आणून वसवली, त्यांनी पुढे चारशे वर्षं नांगरलं. ही रंगीत घरं बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, पण गावठाणाची आखणी मध्ययुगातली, तीच. आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या जर्मन लोकांना देशाबाहेर घालवलं, घरं रिकामी, कित्येक पडायला आली, १९९० नंतर डागडुजी झाली.

म्हणजे बघ, दोनदा दिवे विझले ह्या गावात, आणि रेकॉर्डला ते कधीच बेचिराख नाही. मी त्या तळ्याकाठी बसून बायकोला हे सांगत होतो तर ती म्हणाली, दिवा कोणाचा ते तलाठी लिहितो का? मला उत्तर आलं नाही. तू दे.

परतीच्या वाटेवर गाडीचं टायर बसलं, भाड्याच्या गाडीत स्टेपनीच नव्हती, नुसती फोमची बाटली, तो किस्सा फोनवर सांगेन कारण त्यात शिव्या जास्त आहेत.

एक काम कर. तुझ्या त्या गावात पावसाळा संपल्यावर एकदा जाऊन ये. मारुतीचं देऊळ आहे म्हणाला होतास ना. आत कोणी तेल घालतंय का, शेंदूर ताजा आहे का, एवढं बघ आणि फोटो पाठव. डिसेंबरात मी येतोय, चार आठवडे, तेव्हा दोघं जाऊ. काकूंना नमस्कार आणि पिंकीच्या रिझल्टचं काय झालं ते कळव.

तुझाच,
पक्या

ता. क. हळद पाठवू नको, कस्टमला अडकते. लसणाची चटणी पाठव.