पूल नवा झाला, पातळीही रंगवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्याच्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली. ज्यांनी तो बांधला त्यांचं कौतुक आहेच.

मी एसटीचा निवृत्त चालक. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून गाडी चालवली. पावसाळ्यात रात्री काच आतून धुरकटते, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात फडकं. हेडलाइटच्या उजेडात ओलं डांबर आणि काळं पाणी सारखंच दिसतं. कठडा दिसला की पुढे पूल आहे असं आपण धरूनच चालतो. त्या दोन चालकांनीही तेच धरलं असणार. त्यांना कुणी बोल लावला की माझा जीव तुटतो.

डोंगरातलं पाणी बघता बघता चढतं आणि पाया खालून पोखरतं. वर डांबर शाबूत असतं. चालकाला ते कळणार कसं? रेल्वेच्या पुलांवर धोक्याची पातळी रंगवलेली असते, पावसाळ्यात पहाऱ्याला माणूस असतो. रस्त्यावरच्या पुलांना हे का नको?

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. पण घाटाकडच्या पुलांवर किती पाण्याला गाडी थांबवायची, हे लिहिलेलं माझ्या नोकरीत मला कधी दिसलं नाही. आपल्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला होता. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली, १३ जीव गेले. माणसं गेल्यावरच हालचाल का व्हावी?

सार्वजनिक बांधकाम खात्याला विनंती: मे अखेरपर्यंत घाटातल्या प्रत्येक मोठ्या पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगवा, शेवटची तपासणी कधी झाली त्याची पाटी लावा आणि रेड अलर्टच्या रात्री तिथे बॅटरी घेऊन माणूस उभा करा. पाटी पुलावर नको, अलीकडे वळणाआधी लावा. भरल्या गाडीला ओल्या उतारावर थांबायला जागा लागते.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, कोल्हापूर