मेंदूच्या चित्रात ग्लिया पेशीही हव्यात

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत मेंदूवर लेख आला की सोबत चेतापेशीचे चित्र असते: पेशीकाया, फांद्यांसारखे शिखातंतू, एक लांब अक्षतंतू. चेतापेशींना साथ देणाऱ्या ग्लिया पेशी त्यात कधीच दिसत नाहीत. जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका म्हणून मला हे खटकते. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या मुलीची आई म्हणून अधिकच.

तिच्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते. अक्षतंतूभोवतीचे हे स्निग्ध आवरण चेतापेशी स्वतः बनवत नाही. मेंदू आणि मेरुरज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया पेशी गुंडाळतात, एकेक पेशी अनेक तंतूंना. बाहेरच्या चेतांमध्ये हे काम श्वान पेशी करतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकाच तंतूचा एक तुकडा येतो. आवरण असलेल्या काही जाड तंतूंत संदेश सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम 1 मीटर. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा अक्षतंतू मीटरभर लांब असतो, एवढे ध्यानात घेतले तरी मायलिनचे मोल कळते.

ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असेही अजून छापले जाते. अलीकडच्या मोजणीनुसार मानवी मेंदूत चेतापेशी सुमारे 8,600 कोटी आहेत आणि ग्लियाही जवळपास तितक्याच. शिवाय ग्लियांपैकी ॲस्ट्रोसाइट ग्लुटामेट हा चेतापेशींमधला संदेशवाहक पदार्थ जादा झाला की शोषून घेतात, मायक्रोग्लिया मृत पेशींची सफाई करतात. ‘नुसत्या आधाराच्या पेशी’ म्हणून त्यांची बोळवण करू नये.

पुढच्या लेखात चेतापेशीशेजारी निदान एक ऑलिगोडेंड्रोसाइट नावासह दाखवा. नव्याने निदान झालेल्या रुग्णाला आपला आजार नेमका कुठे आहे, ते त्यातून समजेल.

– एक निवृत्त शिक्षिका