स्नेहसंमेलनात ‘रडका’ उतारा नको?

संपादक महाशय,

आमच्या भागातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात माझी नात आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीतील उतारा वाचणार होती, तो ‘फार रडका’ ठरवून ऐनवेळी गाळण्यात आला आणि त्या जागी नाच बसवला गेला, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरजवळच्या कागलच्या मातीतून उगवलेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवलेल्या या पुस्तकात शेतात राबणारा मुलगा शिक्षणासाठी प्रत्यक्ष बापाशी झुंजतो, आणि तरीही तो बाप मला निव्वळ खलनायक वाटत नाही, कारण त्याच्या आडमुठेपणामागचे दारिद्र्य लेखकाने पानोपानी दाखवले आहे. याला रडके म्हणावे काय?

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पहाटे जात्याचा खुंटा धरला की ती सासुरवास, माहेरची ओढ, अकाली गेलेले लेकरू असे सारे ओवीतून सांगे. मूठभर जोंधळा जात्यात पडला की तिचा आवाज चढे, दाणे सरत आले की उतरे. तिच्या मांडीवर डोके ठेवून आम्ही ते ऐकले, अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला. (पीठगिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले, ओव्या मात्र गेल्या.)

नाचाला माझा विरोध नाही. पुढील संमेलनात अशा वाचनासाठी आणि ओव्यांसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत, एवढीच शाळांना विनंती आहे.

– एक आजोबा, कोल्हापूर