'एकत्र' म्हणजे 'एकाच वेळी' नव्हे

संपादक साहेब, नमस्कार

गेल्या आठवड्यात कोर्टाची एक बातमी वाचली, आरोपीला एका कलमाखाली ५ वर्षं आणि दुसऱ्या कलमाखाली ३ वर्षं, आणि शेवटी एक ओळ, 'दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत'. माझ्या भाचीने लगेच बेरीज केली, म्हणाली मामा म्हणजे ८ वर्षं ना? अगं नाही, दोन्ही एकाच वेळी सुरू होतात, ३ वर्षांची त्या ५ मध्येच संपून जाते, आत राहायचं ५च वर्षं. पण तिची तरी काय चूक, 'एकत्रित उत्पन्न' म्हटलं की आपण बेरीजच करतो की! एका शब्दापायी ३ वर्षांचा फरक पडतो हो.

मुळात 'एकत्र' हा जागेचा शब्द. सर्वत्र, अन्यत्र यातला 'त्र' बघा, तो ठिकाण सांगतो. वेळेसाठी 'दा' आहे, एकदा, सर्वदा, सदा. म्हणून दोघी बहिणी एकत्र राहतात हे बरोबर, पण दोन वेगळ्या शहरांतल्या परीक्षा एकाच तासाला असतील तर त्या 'एकत्र' कशा होतील?

'एकदम'चंही तसंच होतंय. फारसीत दम म्हणजे श्वास, आपण दम लागला म्हणतो तोच हा, म्हणजे एकदम म्हणजे एका श्वासात. 'सगळे एकदम बोलू नका' यात तो अर्थ अजून जिवंत आहे आणि मला तो फार आवडतो. पण 'एकदम मस्त', 'एकदम ब्रेक मारला' हे इतकं रुळलंय की 'दोन्ही सर्व्हर एकदम बंद पडले' असं छापलंत तर अचानक पडले की बरोबरच पडले ते कळतच नाही, बोलताना निदान आवाजावरून समजतं. जुन्या लिखाणात यासाठी 'एकसमयावच्छेदेकरून' असा लांबलचक शब्द भेटतो, अर्थ पक्का आहे पण तो परत आणा असं माझं म्हणणं नाही, साधं 'एकाच वेळी' पुरेसं आहे.

कोर्टाच्या बातमीत तरी प्लीज 'दोन्ही शिक्षा एकाच वेळी' आणि उलट असेल तिथे 'एक संपल्यावर दुसरी' असं स्पष्ट लिहा, आणि एकूण किती वर्षं तेही द्या. ज्या घरातला माणूस आत गेलाय त्या घरात ती एक ओळ दहादा वाचली जाते.

आपला एक नियमित वाचक